चमकणारं पाणी, उधाण आणि ताटातला मासा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मालवण-देवगडच्या बाजूला अमावास्येच्या आसपास मी पुळणीवर दुर्बीण मांडून बसतो. शनीची कडी बघायला आलेला माणूस शनी दोन मिनिटं बघतो आणि मग अर्धा तास भलतंच विचारत बसतो. कुणाला पायाला लागलेल्या डांबराची चिंता, कुणाला हिंगोलीच्या लायगोची, म्हणजे गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या वेधशाळेची, तर रापणीवरून, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्यावरून, परतणाऱ्या मंडळींना पाणी का चमकतं याची. तेच तेच प्रश्न दहा वेळा आल्यावर ते एकदाचे लिहून ठेवले.

अमावास्या-पौर्णिमेलाच उधाण का येतं?

चंद्र पाणी ओढतो एवढं सगळ्यांना माहीत असतं. पण भरती नुसत्या ओढीने येत नाही, ओढीतल्या फरकाने येते. पृथ्वीची चंद्राकडची बाजू त्याला जवळ, पलीकडची लांब. जवळच्या पाण्यावर ओढ जास्त, पृथ्वीच्या मध्यावर थोडी कमी, पलीकडच्या पाण्यावर त्याहून कमी. म्हणून दोन्हीकडे फुगवटा येतो आणि दिवसातून दोनदा भरती होते.

सूर्याची एकूण ओढ चंद्राहून कितीतरी मोठी, पण तो इतका लांब आहे की पृथ्वीच्या दोन टोकांमधला फरक त्याला फारसा जाणवत नाही. हा फरक अंतराच्या घनाच्या प्रमाणात घटतो. त्यामुळे भरती आणण्यात चंद्र सूर्याच्या दुपटीहून थोडा वरचढ ठरतो. अमावास्या-पौर्णिमेला दोघे एका रेषेत येतात तेव्हा उधाण. अष्टमीच्या सुमाराला एकमेकांच्या काटकोनात असतात तेव्हा भांग, म्हणजे कमी चढणारी भरती.

तिथीच्या पाऊणपट वेळेला भरती, हा हिशेब खरा का?

बराचसा खरा, आणि मला तो फार आवडतो. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमेला सव्वाअकराला. चंद्र रोज सुमारे ५० मिनिटं उशिरा डोक्यावर येतो. आपल्या आज्यापणज्यांनी तोंडी हिशेबासाठी त्याचा पाऊण तास केला. पाच मिनिटांची चूक रोज साचत जाते, पण पंधरवडा संपला की तिथी पुन्हा प्रतिपदेवर येते आणि हिशेब आपोआप दुरुस्त होतो. गाव बदललं की वेळ थोडी मागेपुढे होते. पाणी किती चढेल, हे मात्र या हिशेबातून कळत नाही. मुंबईला मोठ्या उधाणाला पाणी पाच मीटरच्या आसपास चढतं, खंभातच्या आखातात त्याच्या दुप्पट, आणि दक्षिणेकडे सिंधुदुर्गात येईपर्यंत चढउतार मुंबईच्या निम्म्यावर येतो.

जमीनसुद्धा चढते-उतरते, हे सांगितलं की लोक हसतात. दिवसातून दोनदा पायाखालचा कातळ वीस-तीस सेंटीमीटर वरखाली होतो. आजूबाजूचं सगळंच त्याच्याबरोबर हलतं, म्हणून आपल्याला कळत नाही.

सुपरमूनला भूकंप किंवा त्सुनामी येते का?

नाही. चंद्र सर्वात जवळ असताना साडेतीन लाख किलोमीटरच्या थोडा पलीकडे असतो, सर्वात लांब असताना चार लाखांच्या वर. घनाचा हिशेब लावला तर भरती आणणारी ओढ जवळजवळ दीडपट होते. उधाण थोडं जास्त चढतं, एवढंच. आषाढातला वारा आणि ते उधाण एकत्र आलं की माडाच्या मुळाशी पाणी येतं, पण ती करामत वाऱ्याची असते.

हिंदी महासागरात म्हणे गुरुत्वाकर्षणाचा खड्डा आहे?

आहे. डोळ्यांना दिसणारा नाही, जहाजाला जाणवणाराही नाही, पण मोजता येणारा. श्रीलंकेच्या दक्षिणेला सुमारे ३० लाख चौरस किलोमीटरच्या पट्ट्यात गुरुत्व थोडं कमी आहे. त्यामुळे तिथल्या समुद्राची सरासरी पातळी हिशेबाने अपेक्षित पातळीपेक्षा जास्तीत जास्त १०६ मीटर खाली आहे. १९४८ साली डच शास्त्रज्ञ व्हेनिंग मैनेस यांनी जहाजावरच्या मोजमापांतून तो शोधला.

कारणावर बरीच वर्षं वाद होता. २०२३ मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या देवांजन पाल आणि आत्रेयी घोष यांनी गेल्या १४ कोटी वर्षांतली खंडांची हालचाल संगणकावर पुन्हा चालवून पाहिली. भारत उत्तरेला सरकताना मधला टेथिस समुद्र मिटला आणि त्याचा तळ पृथ्वीच्या पोटात बुडाला. त्या बुडण्याने आफ्रिकेखालचा तप्त खडक ढवळला गेला आणि त्याचे लोट वर चढले. तापलेला खडक हलका, हलका म्हणून त्याची ओढ कमी. खड्डा आजच्या रूपात आला तो सुमारे दोन कोटी वर्षांपूर्वी, असं त्यांचं म्हणणं आहे.

आपला किनाराही त्याच उतारावर आहे. साध्या जीपीएस यंत्रातली कुठलीही दुरुस्ती न केलेली उंची पुळणीवर उभं राहून वाचली, तर ती उणे साठ मीटरच्याही खाली दिसते. एका विद्यार्थ्याने ते बघून यंत्र बिघडलं म्हणून दुकानात परत नेलं होतं.

गुरुत्वीय लहरी म्हणजे समुद्राच्या लाटांसारख्याच का?

नावाचा घोळ आहे. समुद्रशास्त्रात किनाऱ्यावरच्या नेहमीच्या लाटेलाच ‘गुरुत्व लाट’ म्हणतात, कारण वर उचललेलं पाणी गुरुत्वाने खाली ओढलं जातं. बातम्यांतल्या गुरुत्वीय लहरी वेगळ्या. त्यात पाणी नाही, हवा नाही, खुद्द अवकाशच ताणलं आणि आक्रसलं जातं. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या लायगोने त्या पहिल्यांदा टिपल्या. सूर्याच्या साधारण ३६ पट आणि २९ पट वजनाची दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळली, आणि त्यातलं तीन सूर्यांएवढं वस्तुमान लहरींच्या रूपात निघून गेलं. ही लहर इथे पोचायला १३० कोटी वर्षं लागली आणि लायगोच्या चार किलोमीटर लांबीच्या नळीत तिने घडवलेला बदल प्रोटॉनच्या शंभराव्या भागाहून कमी होता.

त्यानंतर अशा घटनांची रांगच लागली. जानेवारी २०२५ मध्ये आलेला संकेत इतका स्पष्ट होता की मिसळून झालेल्या कृष्णविवराचा पृष्ठभाग आधीच्या दोघांच्या बेरजेहून कमी होत नाही, हे स्टीफन हॉकिंग यांचं १९७१चं म्हणणं त्यावरून नीट तपासता आलं. ते टिकलं.

मग लायगो हिंगोलीत का? कोकणावर अन्याय का?

हा प्रश्न जवळजवळ दर वेळी येतो आणि विचारणारा निम्मा गंभीर असतो. भारतातली लायगो हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ होते आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने २६०० कोटी रुपयांना मंजुरी दिली. कोकणात ती न होण्याचं साधं कारण म्हणजे आपला समुद्र. लाटा समुद्रतळ सतत थोपटत असतात आणि त्याची थरथर जमिनीतून शेकडो किलोमीटर आत जाते. पावसाळ्यात तर विचारू नका. जिथे प्रोटॉनच्या तुकड्याएवढी हालचाल मोजायची, तिथे लाटांच्या शेजारी यंत्र ठेवणं म्हणजे ढोलताशापुढे बसून घड्याळाची टिकटिक ऐकण्यासारखं. औंढ्यालाही ही थरथर पोचेलच, फक्त बरीच मंदावून.

मात्र घाट चढून गेलात तर नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ३० तबकड्या आहेत, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या. तिथून स्पंदक ताऱ्यांचे, म्हणजे ठरावीक ठेक्यात रेडिओ लहरी पाठवणाऱ्या ताऱ्यांचे, ठोके वर्षानुवर्षं मोजले गेले. गुरुत्वीय लहर मधून गेली की ठोका किंचित मागेपुढे होतो. जून २०२३ मध्ये भारतीय आणि युरोपीय गटांनी मिळून, आणि त्याच दिवशी इतर देशांच्या गटांनीही, एका हेलकाव्याला अनेक वर्षं लागतात अशा अतिसंथ लहरींचा पुरावा मांडला. मला ते काम लायगोपेक्षाही भावतं. त्याला धीर लागतो.

हेलियमचा शोध विजयदुर्गावर लागला ना?

इथे मी गावकऱ्यांची नाराजी ओढवून घेतो. किल्ल्यावर ‘साहेबाचे कट्टे’ आहेत आणि १८ ऑगस्टला तिथे हेलियम दिन साजरा होतो. सांगतात ते असं, की १८६८ च्या खग्रास ग्रहणात नॉर्मन लॉकियर यांनी या कट्ट्यांवरून हेलियम शोधला.

१८ ऑगस्ट १८६८ चं ग्रहण खरं. त्याचा पट्टा अरबी समुद्रावरून आपल्याच किनाऱ्याने आत शिरला आणि विजापूर, गुंटूर करत मछलीपट्टणपर्यंत गेला. फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होते. सूर्याच्या ज्वाळांच्या प्रकाशात एक पिवळी रेषा तेव्हा अनेकांना दिसली आणि बहुतेकांनी ती सोडियमची धरली. लॉकियर मात्र त्या वेळी इंग्लंडात होते. युद्ध खात्यात कारकुनी करायचे आणि खगोलशास्त्र हौसेने. त्यांनी ऑक्टोबर १८६८ मध्ये, ग्रहण नसताना, घरच्या दुर्बिणीतून ती रेषा पाहिली. सोडियमच्या दोन रेषांच्या शेजारी, पण त्यांच्यावर नव्हे. एवढ्याशा फरकावरून त्यांनी नव्या मूलद्रव्याचं नाव सुचवलं.

मग कट्टे कुणाचे? लॉकियर विजयदुर्गाला आले होते, पण ३० वर्षांनी. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणाला त्यांनी इथेच तळ ठोकला होता आणि ‘मेलपोमीन’ या युद्धनौकेवरचे खलाशी यंत्रं सांभाळायला हाताशी होते. त्या निरीक्षणांचा अहवाल रॉयल सोसायटीने छापला आहे. तोवर रसायनशास्त्रज्ञ रॅमसे यांनी १८९५ मध्ये युरेनियमच्या एका खनिजातून हेलियम पृथ्वीवरही मिळवला होता. दोन ग्रहणं लोकांच्या आठवणीत एक झाली. मला विचाराल तर खरी गोष्टही कमी मोठी नाही: ग्रहण बघायला आलेला साठीचा साहेब, तीस वर्षांपूर्वी स्वतः नाव दिलेलं मूलद्रव्य आता बाटलीत मिळतंय, आणि भोवती मराठ्यांचं आरमार सांभाळलेला किल्ला. हेलियम दिन जरूर साजरा करा, फक्त फलकावरचं वर्ष तपासा.

“गुरुजी, ह्यां पाणी कित्याक चमाकता?”

बहुतेक वेळा नॉक्टिल्युका. एकपेशीय जीव, पण पेशी मोठी, अर्ध्या-एक मिलिमीटरची. काचेच्या पेल्यात पाणी घेऊन दिव्यासमोर धरलं तर साबुदाण्याच्या बारीक चुऱ्यासारखे ठिपके दिसतात. कार्तिक-मार्गशीर्षात लाट फुटली, वल्हं बसलं, पाय पडला की निळा उजेड.

पेशीच्या आत बारीक पुड्या असतात. त्यांत ल्युसिफेरिन हे इंधन आणि ल्युसिफेरेज हे विकर, म्हणजे एन्झाइम. पेशीला धक्का बसला की तिच्या पडद्यावर विजेचा झटका धावतो, पुडीत आम्लता एकदम वाढते, विकराची घडी उलगडते, ऑक्सिजनशी इंधनाचा संयोग होतो आणि सेकंदाच्या दहाव्या भागापुरता प्रकाश पडतो. उष्णता जवळजवळ नाहीच. म्हणून ‘पाणी पेटलं’ म्हणणं चूक, पण म्हणायला छान.

कशासाठी? एक समजूत अशी की खायला आलेल्या कोळंबीसारख्या जीवावर उजेड पडतो आणि तो मोठ्या माशाला दिसतो. चोर आल्यावर दिवा लावण्याचा प्रकार.

पाणी चमकतं म्हणजे प्रदूषण झालंय ना?

तेवढ्यावरून सांगता येत नाही. शेकडो वर्षांपूर्वीच्या खलाशांनीही चमकता समुद्र पाहिला आहे. पण अरबी समुद्रात हिवाळ्यात नॉक्टिल्युकाची हिरवी जात गेल्या काही दशकांत फार माजली आहे. पूर्वी हे पाणी डायाटम नावाच्या सूक्ष्म शैवालाचं होतं, त्यावर बारीक जीव आणि त्यांवर मासे जगत. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने याचा संबंध कमी ऑक्सिजनच्या पाण्याशी जोडला: नॉक्टिल्युका तशा पाण्यात तगतो, डायाटम मागे पडतात. अरबी समुद्राच्या मधल्या थरात मुळातच जगातल्या सर्वात मोठ्या ऑक्सिजनशून्य पट्ट्यांपैकी एक आहे. पावसाळा सरताना तसलं पाणी किनाऱ्याजवळ वर येतं, हे गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने मोजून दाखवलं आहे. त्यात शहरांचं सांडपाणी किती भर घालतं, यावर अजून वाद चालू आहे.

पोहायला हरकत नाही, पण दाट लालसर साय असेल तर नको. त्यात अमोनिया साठलेला असतो, कातडी चुरचुरते.

पावसाळ्याच्या तोंडावर पायाला डांबर लागतं ते कुठून येतं?

भर समुद्रात जहाजं टाक्या धुतात, कुठे तेल सांडतं, कुठे तेलविहिरीतून गळतं. हलका भाग उडून जातो, जड भागाच्या गोळ्या होतात आणि नैर्ऋत्येचा वारा सुरू झाला की त्या आपल्या पुळणीवर येतात. काढायला रॉकेल वापरू नका, कातडीची वाट लागते. खोबरेल तेल चोळा. तेलात तेल विरघळतं.

“मग आमी मासे खावचे की नाय?”

खायचे. पण कुठला आणि किती, हे बघून.

मुख्य प्रश्न पाऱ्याचा. कोळसा जाळल्यावर, कारखान्यांतून आणि ज्वालामुखींतूनही तो हवेत-पाण्यात येतो. गाळातले जीवाणू त्याचा मिथाइल पारा करतात आणि खरी पीडा ती. जपानमध्ये मिनामाता गावात १९५६ साली कळलेला आजार याचाच. मिथाइल पारा प्रथिनांतल्या गंधकाला चिकटतो, म्हणून तो चरबीत नाही, थेट मांसात बसतो. धुऊन, तळून, कोकम घालून तो जात नाही. मोठा मासा लहानाला खातो आणि लहानाने साठवलेलं सगळं त्याच्याकडे येतं. त्यामुळे मोठी मुशी, मोठा ट्यूना, मोठी सुरमई यांत पारा जास्त. तारली, मांदेली, बांगडा यांत खूपच कमी. गरोदर बाईने मुशीऐवजी बांगडा खावा. गरीबाचा म्हणून हिणवलेला मासा इथे श्रीमंताच्या माशाहून बरा निघतो, हे सांगताना मला थोडा आनंद होतो.

आणि मायक्रोप्लास्टिक?

पाच मिलिमीटरहून लहान तुकड्यांना हे नाव आहे. माशात ते मुख्यतः पोटात सापडतात आणि पोट आपण काढून टाकतो. सुकट, जवळा, तिसऱ्या, कालवं मात्र अख्खी खाल्ली जातात. तिसऱ्या मिठाच्या स्वच्छ पाण्यात रात्रभर ठेवायची घरची पद्धत चालू ठेवा, वाळूबरोबर थोडं तेही निघतं.

शरीरात गेल्यावर काय होतं? २०२४ मध्ये इटलीतल्या डॉक्टरांनी २५७ रुग्णांच्या मानेच्या रक्तवाहिनीतला काढलेला थर तपासला. निम्म्याहून जास्त जणांच्या थरात पॉलिएथिलीन हे प्लास्टिक होतं, आणि पुढच्या सुमारे तीन वर्षांत त्यांना हृदयविकार, पक्षाघात किंवा मृत्यूचा धोका इतरांच्या साडेचारपट दिसला. गंभीर आहे. पण प्लास्टिकमुळेच झालं, हे यातून सिद्ध होत नाही, तसं त्या डॉक्टरांनीही म्हटलेलं नाही. मोबाइलवर फिरणाऱ्या संदेशात मात्र हे दुसरं वाक्य गळलेलं असतं.

प्लास्टिक खाणारा जीवाणू समुद्रात सोडला तर?

२०१६ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी साकाई शहरात असा जीवाणू सापडल्याचं जाहीर केलं. त्याचं विकर बाटलीच्या पीईटी प्लास्टिकचे दुवे तोडतं. २०२२ मध्ये टेक्सासात संगणकाच्या मदतीने त्यात फेरफार करून ते ५० अंशांना झपाट्याने काम करील असं बनवलं. आपला समुद्र तीस अंशांच्या पुढे क्वचित जातो, आणि पुळणीवर येणारं बरंचसं प्लास्टिक पीईटी नाहीच: जाळी नायलॉनची, दोर आणि पिशव्या पॉलिएथिलीनच्या. कारखान्यात बाटल्या विरघळवायला हे विकर उत्तम. दर्यात सोडायला नाही.

होडीच्या रंगाने शंखांचं लिंग बदलतं, ही थाप आहे का?

थाप नाही. जुन्या रंगांत ट्रायब्युटिल टिन हे रसायन असे. त्याच्या अत्यल्प मात्रेनेही मादी गोगलगायींना नराचे अवयव फुटतात. २००८ पासून जहाजांवर त्याला आंतरराष्ट्रीय बंदी आहे. बंदराच्या गाळात ते अजून वर्षानुवर्षं टिकून राहतं.

खाडीत मासे मरून तरंगतात तेव्हा काय करायचं?

आमच्या बाजूच्या एका खाडीत एकदा असं झालं. तक्रार त्याच दिवशी केली, नमुना घ्यायला माणूस तिसऱ्या दिवशी आला. मधे पाच भरत्या येऊन गेल्या होत्या. अहवाल आला: पाणी ठीक. तो अहवाल खोटा नव्हता. त्या दिवशी पाणी ठीकच होतं.

तेव्हापासून सांगतो: वेळ आणि भरतीची स्थिती आधी लिहा. ओहोटीच्या शेवटाला, म्हणजे पुरती सुकती लागायच्या सुमाराला, वरच्या अंगाकडून आलेलं पाणी सर्वात कमी पातळ झालेलं असतं. तेव्हाचा नमुना बोलतो. काचेच्या बाटल्या काठोकाठ भरा, बुडबुडा ठेवू नका, अंधारात बर्फावर ठेवा, आणि एक बाटली वरच्या अंगाची, एक खालच्या अंगाची घ्या. एकट्या बाटलीला अर्थ नाही.

ऑक्सिजन मात्र तिथेच पकडावा लागतो, बाटलीत तो तासाभरात बदलतो. १८८८ साली विंकलर नावाच्या हंगेरियन रसायनशास्त्रज्ञाने काढलेली रीत महाविद्यालयातल्या कुठल्याही प्रयोगशाळेत मिळेल: बाटलीत मँगनीज सल्फेट आणि अल्कधर्मी आयोडाइडचे थेंब. तपकिरी साका बसला तर ऑक्सिजन आहे, पांढरा राहिला तर नाही. पुढचं मोजमाप नंतर करता येतं, पण पांढरा साका सगळ्या गावाला दिसतो आणि त्यावर कुणी वाद घालत नाही. आपल्या उबदार खाऱ्या पाण्यात लिटरमागे सहा-साडेसहा मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो. तो दोनच्या खाली गेला की मासे गुदमरतात.

आणि लगेच कारखान्याकडे बोट दाखवू नका. शैवाल माजलं असेल तर रात्री तेच ऑक्सिजन ओढून घेतं आणि मासे पहाटे मरतात. पहिल्या पावसाने कुजका पालापाचोळा वाहून आला तरी मरतात. दुपारी, लख्ख उन्हात, एकाच वळणापासून खाली मासे मेलेले असतील, तर मात्र त्या वळणावर जाऊन बघा.

दुर्बिणीला कधी यायचं?

कार्तिक ते फाल्गुन, अमावास्येच्या जवळचा शनिवार. वैशाखात उशिरा आलात तर दक्षिणेला क्षितिजाशी त्रिशंकूही दिसतो, पुण्यामुंबईपेक्षा इथून थोडा उंच. टॉर्चला लाल कागद गुंडाळून आणा. अमावास्येला रात्री अकराच्या सुमाराला भरती पुरी होते, त्यामुळे संध्याकाळी दिसणाऱ्या मोकळ्या पुळणीला भुलू नका. सतरंजी सुक्या शेवाळाच्या रेषेच्या वर घाला. पहिल्या वर्षी मी तिपाई रेषेच्या खाली मांडली होती आणि गुरू बघता बघता घोट्यापर्यंत पाणी आलं.